दाखवण्यापुरतं

आमच्या साडूंच्या घरात देवघरानंतर मान आहे तो कलर प्रिंटरचा. त्याच्यावर मेहुणीने स्वतः विणलेलं क्रोशाचं झाकण असतं आणि दसऱ्याला त्याला झेंडूचं फूल मिळतं. बाकीच्या घरांत कुणाचा वाढदिवस असला की फोटो छापतात. साडू कागद छापतात.

कोणताही कागद. ते राहतात आईच्या फ्लॅटमध्ये, आणि इन्कमटॅक्ससाठी आईच्या नावाने दरमहा भाडेपावती फाडतात. पाच हजारांच्या वरची पावती म्हणून एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप इमानाने चिकटवतात, त्यावर आईची सही करतात. ही सही इतकी बसलेली आहे की एकदा म्हातारीने खुद्द सही केलेला चेक बँकेने परत पाठवला. सही जुळत नाही म्हणाले. बँकेतल्या नमुना कार्डावरची सही साडूंची होती. ऑफिसला लागणारे आजारी असल्याचा आणि बरा झाल्याचा असे दोन्ही दाखले ते डॉक्टरांच्या एकाच फेरीत आणतात. गाडीची पीयूसी काढायला गाडी न्यायची असते हे ऐकून ते एकदा मनापासून हसले होते.

आता यावरून तुम्ही साडूंना लबाड म्हणाल. मी म्हणणार नाही. भाजीवालीकडून चुकून दहा रुपये जास्त आले तर मंडईपर्यंत परत जाणारा माणूस आहे तो. नातेवाइकांची हॉस्पिटलची बिलं न सांगता भरलेली मी पाहिली आहेत. त्यांचा एक सिद्धान्त आहे, एवढंच. सरकार, बँक, शाळा, सोसायटी ही सगळी मंडळी वस्तू मागत नाहीत, वस्तूचा कागद मागतात. मग वस्तू कशाला घ्यायची? "दाखवण्यापुरतं असलं की झालं," हे त्यांचं पालुपद. असे साडू प्रत्येकाला एकेक असतात. साडू नसला तर मेहुणा असतो, किंवा ऑफिसात पलीकडच्या टेबलावर बसतो.

त्यांनी गाडी घेतली २०१८च्या दसऱ्याला. त्याच्या आधीच्याच महिन्यात, १ सप्टेंबरपासून, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घेणं सक्तीचं झालं होतं. शोरूमवाल्याने तो बिलात घातला तेव्हा साडू जे तापले, ते थेट पेढे वाटेपर्यंत. पण एकदा भरल्यावर तीन वर्षं बघायला नको, हे त्यांच्या मनाने घेतलं, आणि ती तीन वर्षं २०२१ मध्ये संपली हे मात्र मनाने घेतलं नाही. मधे लॉकडाऊन. गाडी खाली उभी. उभ्या गाडीला कसला विमा, असं म्हणत म्हणत ती उभी गाडी महाबळेश्वर, कोल्हापूर आणि दोनदा गणपतीपुळ्याला जाऊन आली.

२०२४चे गणपती होऊन गेले आणि नळ स्टॉपच्या सिग्नलला साडूंचं पुढचं चाक झेब्रा क्रॉसिंगवर गेलं. चाकाचा दंड किरकोळ होता. पण हवालदाराने यंत्रात नंबर घातला आणि यंत्राने गाडीची सगळी कुंडली मांडली. विमा : मुदत संपलेली.

"काका, विमा नाही तुमचा."

"आहे हो. तुमच्याकडे अपडेट झालेला नाही."

आता गंमत अशी की हे अगदीच अशक्य नसतं. यंत्रात नोंद उशिरा चढते कधीकधी. आणि कायदाही इतका सज्जन आहे की प्रमाणपत्र जवळ नसेल तर सात दिवसांत आणून दाखवायची सवड देतो. हवालदार म्हणाला, "मग आणून दाखवा चौकीत. नाहीतर दोन हजार."

दाखवा! हा शब्द ज्याने साडूंसमोर उच्चारला त्याला काय कल्पना, की त्याने कुणाला आखाड्यात बोलावलंय.

घरी येऊन साडूंनी हिशोब मांडला. त्यांच्या गाडीचं इंजिन हजार ते दीड हजार सीसीच्या गटातलं, त्याचा थर्ड पार्टीचा सरकारी दर ३,४१६ रुपये. वर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे ४,०३१. आणि विमा आज काढला तर आजपासून लागू होणार, कालचा दंड काही पुसला जाणार नाही. ते धरून सहा हजार एकतीस. साडूंनी एजंटला फोन करून मागच्या तारखेची पॉलिसी मिळेल का विचारलं. एजंट म्हणाला, "काका, तशी मिळत असती तर लोकांनी गाडी ठोकल्यावरच विमा काढला असता. दोन हजार भरा, नवीन पॉलिसी घ्या, विषय संपवा." साडूंनी त्या एजंटचा नंबर डिलीट केला.

त्या रात्री मला व्हॉट्सॲप आला. "तुमची विम्याची पॉलिसी पाठवा. कोणती कंपनी चांगली ते बघतोय."

इथे माझी चूक कबूल करतो. वीस वर्षांच्या नात्यात साडूंनी माझा सल्ला कधी विचारला नव्हता. बायकोला मी फोन दाखवलासुद्धा. "बघ, भावजी मला विचारतायत." आणि फुशारकीत पीडीएफ पाठवून दिली. माझ्याकडे कार नाही. पॉलिसी स्कूटरची होती.

पुढचे दोन दिवस प्रिंटरचं झाकण निघालेलं होतं. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाकडून पीडीएफ उघडून घेतली गेली. "पप्पा, फॉन्ट जुळत नाहीये," असं तो रात्री एक वाजता म्हणाल्याचं मेहुणीने नंतर सांगितलं. नाव बदललं, गाडीचा नंबर, कंपनी, मॉडेल, तारखा, सगळं चोख. कागद शंभर जीएसएमचा आणला. नवी शाई भरली. त्या शाईत आणि कागदात विम्याचा पाव हप्ता निघाला असता, पण कलावंताला खर्च विचारू नये. शेवटी छापलेला कागद घडी घालून दोन दिवस गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवला, वापरलेला दिसावा म्हणून. कारागिरी म्हणतात ती ही.

आणि हे सगळं पहिल्या पानावर. पॉलिसीला दुसरं पान असतं. ते कोण वाचतं?

सहाव्या दिवशी साडू सहकुटुंब चौकीत गेले. सहकुटुंब अशासाठी की बायको बरोबर असली की पोलीस सौम्य बोलतात, हाही एक सिद्धान्त. टेबलामागे एक तरुण बाई होत्या. त्यांनी कागद घेतला, उलटसुलट केला, आणि कोपऱ्यातल्या काळ्या ठिपक्यांच्या चौकोनावर आपला मोबाईल धरला.

क्यूआर कोड हे नक्षीकाम आहे असं साडूंना इतके दिवस वाटत होतं.

मोबाईलवर माझं नाव आलं. माझ्या स्कूटरचा नंबर आला. बाईंनी काही न बोलता दुसरं पान उलटलं आणि सावकाश, एखाद्या बाईंनी शाळेत वही तपासावी तसं मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"आसनक्षमता, चालकासह, दोन. काका, नळ स्टॉपला गाडीत किती जण होतात?"

"चौघं."

"थर्ड पार्टी हप्ता, सातशे चौदा रुपये. स्वस्त पडली की कार." मग बोट खाली सरकलं. मालक-चालकाचा अपघात विमा. नामनिर्देशित व्यक्ती. तिथे माझ्या बायकोचं पूर्ण नाव होतं. "नातं : पत्नी."

मेहुणी शेजारीच बसली होती.

त्यानंतर मला फोन आला. "साडू, ताबडतोब चौकीत या. आणि काही बोलू नका." मी गेलो, पण बोलायचं नाही म्हटलं तरी पोलिसांनी विचारल्यावर काय करणार? स्कूटर माझी, पॉलिसी माझी, बायको माझी, असा जबाब मी लिहून दिला. शेवटचा मुद्दा त्यांनी विचारला नव्हता, पण मेहुणीकडे बघून मला तो नोंदवून ठेवावासा वाटला. साडूंनी उठता उठता कागद परत मागितला. बाई म्हणाल्या, "हा राहू द्या आमच्याकडे." आयुष्यात पहिल्यांदा साडूंचा कागद कुणालातरी इतका हवासा वाटला होता.

वकिलांकडे मीच घेऊन गेलो. त्यांनी आधी चष्मा पुसला. विम्याशिवाय गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्यात पहिल्या वेळेला दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पण प्रत्यक्षात तो तडजोडीने मिटणारा गुन्हा, पैसे भरले की पावती घेऊन घरी जायचं. "तुम्ही मात्र दुसऱ्या पुस्तकात गेलात," ते म्हणाले. १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली होती. तिच्यात कलम ३३६ बनावट दस्तऐवज तयार करण्याचं, आणि तो फसवणुकीसाठी केला असेल तर सात वर्षांपर्यंत. कलम ३४० असा दस्तऐवज खरा म्हणून वापरण्याचं. शिक्षा, बनवणाऱ्याला जी तीच.

"पण बनवणारा आणि वापरणारा मी एकच आहे," साडू म्हणाले, जणू इथे काही सूट मिळते.

मग वकिलांनी जे सांगितलं ते मला जास्त लागलं. थर्ड पार्टी विमा आपल्यासाठी नसतोच. आपल्या गाडीखाली जो येईल, त्याच्यासाठी असतो. माणूस गेला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याचं वय बघतं, कमाई बघतं, मागे किती तोंडं आहेत ते बघतं आणि आकडा काढतं. त्या आकड्याला वरची मर्यादा नाही. विमा खरा असला तर कंपनी भरते. कागद घरच्या प्रिंटरवरचा असला की कंपनी हात वर करते, आणि भरायचं गाडीमालकाने. "घर आहे ना स्वतःचं?" वकिलांनी विचारलं.

"घर आईच्या नावावर आहे," साडू पटकन म्हणाले. "मी भाड्याने राहतो. पावत्या आहेत माझ्याकडे."

वकिलांनी चष्मा पुन्हा काढला.

त्या वर्षीच्या दिवाळीत आमच्याकडून गेलेला फराळाचा डबा मेहुणीने धुऊन, पुसून, रिकामा परत पाठवला. ज्याला रिकामा डबा परत येणं म्हणजे काय ते कळतं, त्याला जास्त सांगायला नको. बायकोने बहिणीला दोनदा फोन करून समजावलं की नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे काय. बहीण म्हणाली, "विम्याचं राहू दे. दोन दिवस माझ्या घरात बसून माझ्या नवऱ्याने तो कागद सजवला, आणि त्याला तुझं नाव दिसलं नाही?" याला उत्तर नव्हतं. प्रिंटरवरचं क्रोशाचं झाकण आता मिक्सरवर आहे.

खटला शिवाजीनगरला चालू आहे. तारीख पडते, साडू रजा टाकतात, आणि ऑफिसला कोर्टात हजर असल्याचा दाखला देतात. हा त्यांच्या फायलीतला पहिला अस्सल दाखला, आणि नेमका तोच ऑफिसला खरा वाटला नाही. मुलीकडे जर्मनीला जायचं होतं, पासपोर्टचं नूतनीकरण करायचं होतं. पोलीस पडताळणीत खटला दिसतो म्हटल्यावर तेही आता कोर्टाची परवानगी मिळेपर्यंत लांबलं.

मधल्या काळात त्यांनी विमा काढला. खराखुरा, ४,०३१ रुपये रोख मोजून. पॉलिसीची दोन्ही पानं रंगीत छापून, लॅमिनेट करून ती गाडीत दर्शनी ठेवली. नळ स्टॉपला सिग्नल लागला की साडू काच खाली करतात. गेल्या महिन्यात मी शेजारी बसलो होतो. तोच हवालदार होता. साडूंनी हात लांब करून पॉलिसी पुढे धरली, दुसरं पान वर करून.

हवालदाराने यंत्राकडे नजर टाकली. "चला काका चला, दिसतंय इथे. मागे गाड्या खोळंबल्यात."

साडूंनी काच वर केली. कर्वे रोड संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चार हजार एकतीस रुपये घातले, साडू. आणि बघायला कुणी तयार नाही."