सरवा

आमच्या ओसरीत एक फ्रेंच चित्र आहे. नागपूरला रद्दीच्या ढिगात सापडलेल्या पुस्तकाचं सुटं पान, स्वस्तातल्या चौकटीत बसवलेलं. मिले नावाच्या चित्रकाराचं, १८५७ सालचं. पीक निघून गेलेल्या शेतात तीन बाया वाकून ओंब्या वेचताहेत. शहरातले पाहुणे त्यापुढे दोन मिनिटं उभे राहतात, 'वा, काय प्रकाश आहे' म्हणतात आणि चहाकडे वळतात.

शेजारची मावशी विरजण मागायला आली, तेव्हा तिनं प्रकाशाकडे पाहिलंच नाही.

"ह्या बाया सरवा वेचून राहिल्या का जी?"

मी हो म्हटलं. तिची नजर मागे गेली. तिथे गंजी रचलेल्या आहेत, गाडी भरणं चाललं आहे. "एवढे पुंजणे त्याचे, अन् ह्याईले सांडलेलं!" मग उजव्या कोपऱ्यात, दूरवर, नखाएवढा एक घोडेस्वार आहे, त्याच्यावर तिनं बोट ठेवलं. "अन् हा कोण? मालगुजार व्हय का?"

तो जमीनदाराचा कारभारी. चित्र माझ्या घरात येऊन चार वर्षं झाली होती आणि मला तो कधी दिसला नव्हता. पॅरिसच्या प्रदर्शनात हे चित्र लागलं तेव्हा एका समीक्षकाला त्या तीन बायांच्या मागे फ्रेंच राज्यक्रांतीतले, १७९३चे भाले दिसले होते म्हणे. आमच्या मावशीला मालगुजार दिसला. दोघांपैकी चित्र नीट कुणी पाहिलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तेव्हापासून नागभीडला फ्रेंच चित्रांचं प्रदर्शन भरवायचं माझ्या डोक्यात बसलं आहे. अस्सल चित्रं इथे कोण पाठवणार? छापील प्रती चालतील. जागा समाजभवनाची. पडदे रंगवणारे लोक झाडीपट्टीत कमी नाहीत. नाटकातला राजवाडा आणि जंगल कापडावर उभं करणाऱ्यांना चार चौकटी टांगायला किती वेळ लागतो!

पहिली भिंत मिलेच्या बायांची, दुसरी मोनेची. त्याचं कमळांचं तळं जगभर गाजलं, पण मला त्या तळ्यामागचं भांडण जास्त आवडतं. १८९३ मध्ये जिव्हर्नी गावात त्यानं तळ्यासाठी ओढ्याचं पाणी घ्यायचं ठरवलं. गावकरी अडून बसले. ह्याची परदेशी झाडं पाणी नासवतील, आमची गुरं पिणार काय? अर्ज झाले, साहेबांकडे खेटे झाले, शेवटी परवानगी मिळाली. हे सगळं आमच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाच्या पाळीवर बसून सांगावं, इतकं आपलं आहे. पाण्याच्या पाळीवरून ज्यांची तीन पिढ्यांची बोलाचाल बंद आहे, ते मोनेच्या बाजूनं उभे राहतील असं मात्र वाटत नाही.

तिसरी भिंत वाघाची. ती ठेवताना भीती वाटते. रूसो हा पॅरिसच्या जकात नाक्यावरचा कारकून. त्यानं १८९१ मध्ये वादळात दात विचकणारा वाघ रंगवला. फ्रान्सबाहेर तो कधी गेला नाही. जंगल पाहिलं ते शहरातल्या वनस्पतिबागेत आणि प्राणी पाहिले ते बहुतेक पेंढा भरलेले. नागपूरच्या संग्रहालयात, अजब बंगल्यात, एक चक्कर मारून कुणी ताडोब्याचं वर्णन लिहावं, तसं. इथे तर वाघ धानाच्या बांधावर येऊन बसतो आणि संध्याकाळी सायकल कुठल्या रस्त्यानं न्यायची हे तो ठरवतो. ओळखीच्या एका वनमजुराला मोबाइलवर ते चित्र दाखवलं. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "वाघ नाय जी हा. पण भेव खरं हाय."

चौथी भिंत चित्रकार रझांची. ते फ्रेंच कुठे, असं कुणी विचारेल. मंडला जिल्ह्यातल्या जंगलात १९२२ मध्ये जन्म, वडील वनखात्यात, शिक्षण नागपूरच्या चित्रशाळेत, मग मुंबईत. १९५० मध्ये पॅरिसला गेले ते साठ वर्षं तिकडेच राहिले. शाळेत लक्ष लागेना म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून ह्याच्याकडे बघत बस म्हटलं, तो ठिपका पुढे जगभर टांगला गेला. मीही आयुष्यभर गुरुजीच होतो आणि फळ्यावर पुष्कळ ठिपके काढले. असो.

सगळं ठरलं, अडलं ते तारखेवर. मावशी पुन्हा विरजणाला आली तेव्हा तिचा सल्ला घेतला. रोवण्यात कुणी घरी नसतं. दिवाळीच्या आसपास कापणी, मग कडपा बांधा, पुंजणे घाला, चुरणे करा. हिवाळ्यात नाटकं आणि शंकरपट. रात्रभर नाटक पाहून आलेला माणूस दिवसा भिंतीकडे बघणार नाही. नाटकांचा हंगाम संपतो तोवर मोहफुलं गळायला लागतात, पहाटे चारला रानात. मे महिना तेंदूपत्त्याचा. मग पुन्हा ढग.

"म्हणजे बाराही महिने नाही?"

मावशीनं विरजणाची वाटी पदराखाली घेतली आणि बोटांवर हिशेब केला.

"पोळ्याच्या पाडव्याले ठेवा. त्या दिवशी बैलालेबी सुट्टी राह्यते." दारातून ती परत वळली. "पण गुरुजी, तो घोड्यावरचा हाय ना, त्याले कागद लावून झाकजा जी. सणासुदीचा दिवस."