दीड दिवसाचा परवाना

आमच्या गावाचं नाव खांब. मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणं मागे टाकून कोलाडकडे निघालं की लागतं. नावातला खांब पक्का आहे; खऱ्या खांबांवरून येणारी वीज मात्र घाईच्या पाहुण्यासारखी, चहालाही थांबत नाही. अशा गावात आमच्या पुतण्याने ठरवलं की कॉम्प्युटरवर गेम खेळायचा, तोही लिनक्सवर, आणि तोही रीतसर पैसे भरून. आमच्या घराण्यात इतका आदर्शवाद आजवर कुणी केला नव्हता.

दोष त्याचा नाही. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 वरचा हात काढून घेतला. विंडोज 11 रीतसर घालायचं तर मशीनमध्ये टीपीएम 2.0 हवं. पुतण्याचा लॅपटॉप त्याला ताईकडून आलेला, ताईला मामाकडून. कीबोर्ड चालतो, पडदा चालतो, पंखा घाट चढणाऱ्या एसटीसारखा आवाज करत का होईना, पण चालतो. तरीही अपात्र. बैल धडधाकट, पण कानात बिल्ला नाही, म्हणून बाजारातून परत! शेवटी त्याने लिनक्स घातलं. फुकट मिळालं म्हटल्यावर आम्ही संशयाने पाहिलं. तो म्हणाला, "काका, फुकट नाही, मुक्त." आमच्या लेखी दोन्हीचं बिल सारखंच आलं.

"आता वाइन घातली की विंडोजचे गेम चालतील," असं तो जेवताना म्हणाला आणि वहिनींच्या हातातला डाव आमटीतच थांबला. मग खुलासा झाला. ही वाइन 1993 पासूनची. विंडोजसाठी लिहिलेल्या प्रोग्रामचं म्हणणं ती लिनक्सला समजेल अशा बोलीत सांगते. नावाचीच फोड आहे, 'वाइन म्हणजे एम्युलेटर नव्हे'. महाराष्ट्राला यात काय नवल? जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे आपण ऐकलंच होतं. ती काय नव्हे हे सगळे सांगतात. काय आहे, ते मात्र ज्याचं त्याने घातल्यावर बघायचं.

याच वाइनच्या पायावर स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट 2018 मध्ये प्रोटॉन उभं केलं. पुढे 2022 मध्ये स्टीम डेक नावाचं हातात धरायचं यंत्र काढलं, त्याच्याही पोटात लिनक्सच. आम्ही खांबचे, त्यामुळे आम्हाला प्रोटॉन लगेच कळलं. हिरण्यकशिपूने वर मागताना केवढ्या अटी घातल्या होत्या! माणसाकडून मरण नको, पशूकडून नको; घरात नको, बाहेर नको; दिवसा नको, रात्री नको. एवढं कडेकोट परवानापत्र आजच्या कुठल्याही गेम कंपनीच्या वकिलाला जमायचं नाही. तरी खांब फुटला, आणि धड माणूस नाही, धड सिंह नाही असं काहीतरी उंबरठ्यावर येऊन बसलं. प्रोटॉन तसंच. धड विंडोज नाही, नुसतं लिनक्सही नाही. उंबरठ्यावर बसून काम फत्ते करतं.

पण हिरण्यकशिपू शहाणे झालेत. त्यांनी आता खांबालाच पहारेकरी बसवलेत. व्हॅलोरंट या गेमचा व्हॅनगार्ड नावाचा राखणदार थेट विंडोजच्या गाभ्यात मुक्काम करतो आणि मशीन सुरू होताच जागा होतो. लिनक्सवर तो येत नाही, म्हणून खेळही येत नाही. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर छान चालत होता. ऑक्टोबर 2024 अखेर ईए कंपनीने त्याचंही दार लावलं. लिनक्सच्या आडून फसवे खेळाडू शिरतात, हे कारण. आम्ही विटीदांडू खेळायचो तेव्हा रडीचा डाव खेळणाऱ्याला बाहेर काढत, त्याच्या अख्ख्या वाडीला नाही.

हे पहारे अनेकांनी मिळून खेळायच्या गेमना, म्हणून पुतण्याने एकट्याने खेळायचा गेम निवडला. पैसे भरले. गेम 45 जीबीचा, मोबाइलचा डेटा दिवसाला दीड जीबी. म्हणजे रोजचा सगळा डेटा त्यालाच वाहिला तरी महिना. आम्ही त्याला धीर दिला. आमच्या दारातल्या महामार्गाच्या पनवेल-इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं होतं. त्या मानाने हे डाउनलोड म्हणजे विमानच.

महिन्याने गेम उतरला, पण सुरू होताना अडखळू लागला. पुतण्याने प्रोटॉनची एक आवृत्ती लावून पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. पाचव्या खेपेला पडद्यावर सूचना आली, की तुम्ही फार कॉम्प्युटरवर गेम चालवताय, आता चोवीस तासांनी या. कॉम्प्युटर एकच, खोली एकच, पोरगंही एकच. पण नक्कल होऊ नये म्हणून गेमला लावलेल्या कुलपाला प्रोटॉनची प्रत्येक आवृत्ती नवं मशीन वाटली. शर्ट बदलून आलेल्या घरमालकाला दारावरच्या गुरख्याने पाचव्यांदा ओळख विचारावी आणि रात्रभर ओटीवर बसवावं, तसं. तेवढ्यात त्याच्या मित्राचा फोन आला. त्याने तोच गेम कुठूनतरी कुलूप फोडलेला मिळवला होता आणि तो तिसऱ्या टप्प्यावर पोचला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. इथे संन्याशाने फाशीचे पैसेही स्वतःच भरले होते.

नकलेचा त्रास आम्हाला कळत नाही असं नाही. शेजारी पेण आहे. तिथल्या गणपती कारखान्यात कुणी महिनाभर खपून नवी मूर्ती घडवावी आणि दुसऱ्याने एक नग विकत नेऊन त्यावरून रबरी साचा काढावा, ही धास्ती त्या धंद्यात आहेच. तरी पेणचा कारखानदार गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन, मखराला डोळा लावून, मूर्ती आपलीच आहे ना हे तपासत नाही. उलट इथून कच्च्या मूर्ती गावोगाव जातात आणि तिकडचे लोक त्या आपल्या हाताने रंगवतात. लिनक्सवाले ज्याला मुक्त म्हणतात, ते पेणला असं केव्हापासून चाललंय! साचा चोरता येतो, डोळ्यांची आखणी करणारा हात चोरता येत नाही, यावर तो धंदा उभा आहे.

आता कुणी म्हणेल, गणपतीचं तरी विसर्जन होतंच की. होतं, पण तिथी ठरलेली असते आणि मूर्ती आपण आपल्या हाताने पाण्यात सोडतो. युबिसॉफ्टचा द क्रू हा गेम 2014 साली आला. 31 मार्च 2024 रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम घरोघरी एकाच दिवशी गप्प झाला. आरती नाही, मिरवणूक नाही, पुढच्या वर्षी लवकर या म्हणायचीही सोय नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला, की परवाना देत असाल तर 'विकत घ्या' असं बटण दाखवून भुलवू नका, स्पष्ट सांगा. स्टीम आता पैसे घेताना तसं लिहितं. जीओजी नावाचं पोलंडचं दुकान 2008 पासून बिनकुलपाचे गेम विकतं आणि अजून बुडालेलं नाही. पुतण्याने पुढचा गेम तिथून घेतला, पेनड्राइव्हवर ठेवला. इंटरनेट नसतानाही तो चालतो. वीज गेली की थांबतो, पण त्यात दुकानाचा दोष नाही.

गेम कंपन्यांना आमची एकच विनंती. खेळ दीड दिवसाचा असेल तर तसं पैसे घेण्याआधी सांगा. आम्ही मोदक त्या हिशेबाने करू.