आठ वर्षे, चार दिवस

हायब्रिड गाडीची बॅटरी कशाने जाते? उष्णतेने, वयाने, किंवा मागच्या सीटजवळची हवेची जाळी तुंबल्याने. आमची मात्र मुहूर्त बघून गेली: वॉरंटी संपल्यावर चौथ्या दिवशी. मुदत 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल ते. किलोमीटर निम्मेही झाले नव्हते, पण कंपनीचा विश्वास कॅलेंडरवर. सर्व्हिस सेंटरातल्या पोराने जाळीतून चिमटीने कुत्र्याचे केस, दोन चुरमुरे आणि हिची हरवलेली टिकली काढली. "साहेब, बॅटरीला वाराच लागत नव्हता!" म्हणजे मुदतीत आलो असतो, तरी टिकली आडवी आलीच असती. आठ वर्षांत पेट्रोलचे वाचवलेले पैसे काउंटरवर मोजून ठेवले. चहा मात्र त्यांनी पाजला, बिनसाखरेचा.