उपकराची शाळा

नागपुरात घरटॅक्सची डिमांड आली की माणूस आधी शेवटचा आकडा पाहतो आणि मग झोन ऑफिसच्या नावानं बोटं मोडतो. मधल्या ओळी वाचायला वेळ कोणाला? तिथेच राज्य शासनाचा शिक्षण उपकर 1962 च्या कायद्यापासून ठाण मांडून बसलाय. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येतील, यावर तो ठरतो. घरात आजी आणि तिचा दमा एवढेच राहत असले तरी कागदावर भाडं येतंच. गैरनिवासीला दर दुप्पट. म्हणजे पुढच्या खोलीत गणिताचे क्लास काढले आणि तिची नोंद गैरनिवासी झाली, तर शिकवलं म्हणून शिक्षण उपकर डबल!

गोळा करते महापालिका, भरते राज्याच्या तिजोरीत. तिथून तो आपल्या गल्लीत परत येतो काय, हे विचारू नका राजेहो. डिसेंबरात अख्खं सरकार नागपुरात येतं, तेही थंडी पुरती पडायच्या आत मुंबई गाठतं.

घेताना जागेचं भाडं मोजतात, देताना डोकी. समग्र शिक्षा योजनेचं शाळा अनुदान 30 पोट्ट्यांपर्यंत वर्षाला 10 हजार. 31वं पोट्टं आलं की थेट 25 हजार. खडू, झाडू, दुरुस्ती, लाइटचं बिल, सगळं त्यातच. शाळा सीताबर्डीच्या सोन्यासारख्या जागेवर असली, तरी अनुदानाला ते ठाऊक नसतं. पट 30 वर अडकलेल्या हेडमास्तरांनी शेजारच्या पोट्ट्याला रोज तर्री-पोहे खाऊ घालून दाखल करून घ्यावं. 15 हजारांत तर्री सहज निघते.

नवी शाळा काढायची तर विकास आराखड्यात भूखंड आरक्षित असतो. तो घ्यायला गेलं की जमिनीचा भाव पुन्हा जागा होतो. 2013 च्या भूसंपादन कायद्याने शहरात बाजारभाव आणि वर तेवढीच दिलासा रक्कम. महापालिका तिजोरी उघडून बघते, पुन्हा लावते. दहा वर्षं अशीच जातात. मग मालक नगररचना कायद्याच्या कलम 127 ची नोटीस देतो, 24 महिने गप्प बसतो, आणि आरक्षण आपोआप गळून पडतं.

तिथे फ्लॅट स्कीम उभी राहते. प्रत्येक फ्लॅटला डिमांड, प्रत्येक डिमांडमध्ये शिक्षण उपकर. शाळा झाली असती तर एवढी वसुली झाली असती काय?

बिल्डरच्या पत्रकावर ठळक छापलेलं असतं: नामांकित शाळा अवघ्या 10 मिनिटांवर. वर्धा रोडवर जाम नसला तर.