अखेर बिअर फळाला आली

फळांच्या बिअरला नाकं मुरडणारे दोन्ही गोटांत आहेत. मुरलेले पिणारे म्हणतात, ही सरबतं झाली. न पिणारे म्हणतात, पोरांना चटक लावायचा हा डाव आहे. दोघांनाही महाराष्ट्र कळलेला नाही. या राज्यात प्रत्येक पेला १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली भरला जातो, बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं आणि पिणाऱ्याला परवाना मिळतो तो प्रकृती जपण्यासाठी. अशा ठिकाणी आजाऱ्याला भेटायला जाताना नेतात त्या फळांची बिअर निघावी, यात कायद्याच्या हेतूशी इमान राखण्यापलीकडे काय आहे? व्हिस्कीवर प्रकृती जपणाऱ्याला धडधडीत खोटं बोलावं लागतं. आंबा बिअरवाल्याकडे निदान ‘क’ जीवनसत्त्वाचा मुद्दा असतो. तेव्हा माझं म्हणणं असं की पेल्यातलं फळ चवीसाठी नसतंच. ते सबब म्हणून असतं, आणि त्या कामी त्याला तोड नाही.

चवीसाठी नसतं याचा पुरावा खुद्द यीस्ट देतं. हापूसचा गर टाकीत पडला की यीस्ट आधी त्यातली साखर फस्त करतं, आणि आंब्यातून साखर वजा केली तर उरतं काय? पेला तोंडाशी नेताना नाकाला आंबा लागतो, जीभ रसाच्या वाटीसाठी सरसावते, आणि मिळतं ते कोयीला चिकटलेल्या रेषांसारखं काहीतरी: पातळ, तुरट, किंचित टर्पेंटाइनच्या अंगानं जाणारं. गोडी हवीच असेल तर आंबवण उरकल्यावर पुन्हा गर घाला, नाहीतर इसेन्स, नाहीतर बिअरच्या यीस्टला न पचणारी दुधातली साखर. गंमत म्हणजे नुसत्या वासासाठी आंबा लागतही नाही. सिट्रासारख्या अमेरिकन हॉप्सना आंब्याच्या जवळपासचा वास असतोच. मिर्सीन नावाचं सुगंधी द्रव्य हॉप्समध्येही असतं आणि आंब्यातही. पण निव्वळ हॉप्सवर केलेल्या बिअरच्या पाटीवर आंब्याचं चित्र काढता येत नाही, आणि चित्राशिवाय सबब उभी राहत नाही.

यावर जाणकार लगेच बेल्जियमकडे बोट दाखवतील. ब्रसेल्सच्या आसपास हवेतल्या यीस्टवर आंबवलेल्या लॅम्बिकमध्ये आंबट चेरी महिनोन्महिने मुरवून ‘क्रीक’ करतात. तीही सबबच का? नाही. अस्सल क्रीक आंबट आणि कोरडी असते. साखर गेल्याचं तिला दुःख नाही, कारण तिला चेरीकडून गोडी नकोच होती. त्याच न्यायानं आपल्याकडे कोकम टिकतं. ते मुळात आंबट, आणि त्याचं आम्ल यीस्टच्या तावडीतून बरंचसं सुटतं. जर्मनीत ‘गोझ’ नावाची बिअर मीठ आणि धने घालून करतात, म्हणजे कोकणातलं सार तिथून फार लांब नाही. (शुद्धतावाद्यांनी बव्हेरियाचा १५१६चा नियम इथे काढू नये. जव, हॉप्स आणि पाणी एवढंच सांगणाऱ्या त्या नियमात सगळं काम करणाऱ्या यीस्टचं नावही नाही.) एखादी कोकम बिअर खरंच चांगली निघाली, तर तिच्यावर माझा आक्षेप नाही. तिला सबबीची गरज नसते, एवढंच.

राहिला शेतकरी. त्याचं भलं होतं, असा युक्तिवाद हमखास येतो. जानेवारी २०२२मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचा निर्णय झाला, तेव्हाही द्राक्षबागाईतदाराला असंच पुढे उभं केलं होतं, आणि वाईन म्हणजे दारूच नव्हे असा निर्वाळाही ऐकायला मिळाला होता. झाडावरून आलेल्या मालाला मद्यात मोल मिळावं, ही कळकळ खरी मानू. मग तीच कळकळ मोहाच्या वाट्याला का येत नाही? १८९२मध्ये इंग्रजांनी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा केला. दारूवर नव्हे, फुलांवर! तेव्हापासून आदिवासीची भट्टी जंगलात आणि पत्र्याच्या डब्याची, म्हणून तिच्यावर धाड. शहरातली टाकी स्टीलची आणि काचेमागची, म्हणून तिच्यापुढे सेल्फी. कुणी म्हणेल, बिअर नुसती आंबवतात, मोहाची भट्टीतून गाळतात, तुलना कशी करता? पण स्कॉचही गाळीवच असते आणि परमिट रूममध्ये ती वरच्या फळीवर बसते. मोहाला नाजूक काचेचा पेला मिळू द्या, मेनूवर ‘रानवट, मधाळ, किंचित धुरकट’ असं दोन ओळींचं कौतुक छापू द्या. उत्पादन शुल्कवाल्यांनाही ओळखू यायची नाही.