वरसाव्याच्या कोंडीत बसून जर्नल कसं वाचावं?

साहित्य: चार्ज केलेला फोन आणि घोडबंदर रोडने वसईकडे निघालेली बस. वरसाव्याला फाउंटन हॉटेलपाशी ती अडकेलच. खाडीवर नवा पूल २०२३ साली झाला, पण कोंडीनं आपला हक्क सोडलेला नाही. म्हणजे वेळेची चिंता नको.

विषय शोधायला लांब जायला नको. वसईच्या खाडीतली खारफुटी घ्या. तिच्यावरचा शोधनिबंध लगेच सापडतो. सारांश फुकट असतो. तो वाचून चटक लागली, की कुलूप दिसतं: तीस-चाळीस डॉलर टाका. खाडी आपली, गुडघाभर चिखलात उतरलेला संशोधक आपला, त्याचा पगार सरकारी, निबंध तपासणारे तज्ज्ञ बिनपैशाचे, गल्ला मात्र ॲम्स्टरडॅमच्या प्रकाशकाला.

घाबरू नका. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं, ६,३०० हून जास्त सरकारी संस्था. पवईच्या आयआयटीत जे सहज उघडायचं, ते गडचिरोलीच्या विद्यापीठातही उघडावं, हा बेत. ही गोष्ट खरोखर मोठी आहे, तिची चेष्टा करू नये.

आता साइट म्हणेल, 'तुमची संस्था निवडा'. नवशिके इथेच अडतात. ते यादीत 'भारत' शोधत बसतात. तो तिथे नसतो. सरकारी कॉलेज, विद्यापीठ किंवा केंद्राची संशोधन संस्था असेल तर पुढे जा. खासगी कॉलेजवाल्यांनी तूर्त थांबावं. मीरा रोडला दवाखाना चालवणारे डॉक्टर, निवृत्त मास्तर आणि ज्यांच्या जाळ्यांवर निबंध लिहिला गेला ते कोळी, यांनी तर रांगेतच उभं राहू नये.

त्यांच्यासाठी सोपी युक्ती: निबंधाच्या लेखकाला सरळ ईमेल करा. बहुतेक जण आनंदानं पीडीएफ धाडतात. वाचक भेटला याचंच त्यांना अप्रूप. कुलूप चुकवून निबंध फुकट देणारी साय-हब नावाची आणखी एक वाट आहे, पण प्रकाशकांनी ती २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयात नेली, म्हणून इथे दाखवत नाही.

शेवटची सूचना पीएचडीवाल्यांना. मंजुरी २०२७ अखेरपर्यंतची आहे. नाव आजच नोंदवलं असेल, तर ही तारीख गाइडच्या कानावर घालून ठेवा.