केळं, चांदीची गाडी आणि चितेरा

ग्वाल्हेरात मान मिळवायचा असेल तर आधी जुनं व्हावं लागतं. किल्ला जुना, गाण्याचं घराणं जुनं, आणि लष्कर भागातल्या मराठी घरांत पितळी डब्यावर कोरलेल्या नावावरून खापरपणजी अजून ओळखली जाते. अशा गावातली आमची पुतणी दिल्लीच्या एका मोठ्या म्युझियममध्ये समकालीन कलेची क्युरेटर झाली. तेव्हापासून घरात कुणी तिच्या नोकरीबद्दल विचारलं, की आम्ही सगळे चहा आणायला उठतो.

"म्युझियममध्ये आहे" म्हटलं की लोकांना तोफा-तलवारी दिसतात. "नाही, आजची चित्रं असतात" म्हटलं, तर "मग ती म्युझियममध्ये कशाला?" आमची आक्का, म्हणजे तिची आत्या, स्थळं आणणाऱ्यांना एकच उत्तर देते : "सरकारीसारखीच आहे." कशासारखी, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

पोरगी डिसेंबरात तानसेन समारोहाच्या निमित्ताने येते, तेव्हा मी तिला खोदून विचारतो. तिच्या धंद्यातली खरी अडचण अशी, की तिचे कलावंत जिवंत असतात. राजा रविवर्मा फोन करून 'माझं चित्र दोन बोटं खाली घ्या' म्हणत नाही. हिचे म्हणतात, आणि तेही उद्घाटनाच्या आदल्या रात्री. शिवाय विमा, पेट्या, खोलीतली दमट हवा, वस्तू आली तेव्हा तिच्यावर कुठे ओरखडा होता याची टिपणं. निम्मी नोकरी गोदामाच्या मुनीमाची. उरलेल्या निम्म्या वेळात, समोर ठेवलेली वस्तू कला आहे हे सफाईवाल्यापासून ट्रस्टीपर्यंत सगळ्यांना पटवायचं.

सफाईवाल्याचं मी गंमत म्हणून लिहीत नाही. 2024 साली नेदरलंड्समधल्या एका म्युझियमच्या लिफ्टमध्ये अलेक्सांद्र लावे या कलावंताचे बिअरचे दोन चेपलेले डबे ठेवले होते. डबे हाताने बारकाईने रंगवलेले, पण बघणाऱ्याला रिकामे डबेच. बदलीवर आलेल्या लिफ्ट-मेकॅनिकने ते इमानदारीने कचऱ्यात टाकले. मग क्युरेटरबाई कचऱ्याच्या पिशव्या उपसत बसल्या आणि डबे सुखरूप सापडले. आक्काचा निकाल : "त्या मेकॅनिकला बक्षीस द्यायला हवं होतं."

केळ्याची गोष्ट तर तिला सांगायलाच नको होती. मॉरिझियो कातेलानने 2019 साली मायामीत एक केळं चिकटपट्टीने भिंतीवर लावलं आणि ते 1,20,000 डॉलरला गेलं. 2023 मध्ये सोलच्या म्युझियममध्ये एका विद्यार्थ्याने ते खाल्लं आणि साल परत भिंतीला चिकटवलं. म्युझियमने नवं केळं लावलं. तसंही ते दर दोन-तीन दिवसांनी बदलतच होते. पुढच्याच वर्षी लिलावात याच कलाकृतीला 62 लाख डॉलर आले.

"म्हणजे विकलं काय? केळं तर खाल्लं ना त्याने?"

"आत्या, केळं बदलतं. प्रमाणपत्र आणि लावायची रीत विकतात. कलाकृती तीच राहते."

आक्काने कपाळाला हात लावला. पोरगी गप्प बसणाऱ्यांतली नाही. "तानसेनच्या समाधीजवळची चिंच खरी आहे का गं? पानं खाऊन गळा गोड होतो म्हणून गवयांनी जुनं झाड संपवलं म्हणे. आताचं दुसरं आहे. तरी तू मला परीक्षेआधी पाला खायला घातला होतास."

"ते वेगळं," आक्का म्हणाली. कसं वेगळं, ते ती अजून शोधून राहिली आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही जयविलासला गेलो. पाहुणा कुठूनही येवो, त्याला जयविलास दाखवल्याशिवाय ग्वाल्हेरकराला जेवण जात नाही. 1874 चा महाल, दरबार हॉलमधली साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं, आणि ती टांगण्याआधी छप्पर पेलेल का हे पाहायला वर हत्ती चढवले होते ही कथा. हत्तींचा आकडा गाइडागणिक बदलतो. पोरगी मात्र जेवणाच्या टेबलापाशी खिळली. रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी, डब्यांवर शिंद्यांच्या नावाची इंग्रजी अक्षरं, वर मद्याच्या सुरया. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की पुढच्या पाहुण्याकडे निघायची.

"काका, ही आज कुणी केली असती तर मी तिला इन्स्टॉलेशन म्हणून मांडली असती. प्रेक्षकाने हात लावल्याशिवाय काम पुरं होत नाही. आणि बिचारीला आता कुणी हात लावू शकत नाही."

मी गाडी लहानपणापासून पाहतो आहे. ती बिचारी असेल असं कधी वाटलं नव्हतं.

मग मी तिला माझ्या आवडत्या माणसाकडे नेलं : गुजरी महालातल्या म्युझियममध्ये, मो. ब. गर्द्यांच्या राज्यात. गर्दे ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख. बाघची लेणी तेव्हा संस्थानात होती, आणि तिथली भित्तिचित्रं ओल आणि पोपडे यांनी वर्षागणिक पुसट होत होती. त्या काळात नकला उतरवायला नेहमीचा सरकारी ड्राफ्ट्समन पुरला असता. पण 1921 मध्ये संस्थानने शांतिनिकेतनकडून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सुरेंद्रनाथ कर अशी मंडळी बोलावली. नंदलाल तेव्हा चाळिशीच्या आतले. जुन्या भिंतीसमोर नव्या दमाचे चित्रकार बसवले. पोरगी त्या नकलांसमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "गर्दे माझंच काम करत होते. फक्त त्यांना कुणी 'सरकारीसारखंच' म्हणालं नाही. त्यांचं खरंच सरकारी होतं."

त्याच भरात तिने ठरवलं की दिल्लीच्या प्रदर्शनात ग्वाल्हेरचा चितेरा हवा. लष्करात चितेरा ओळी नावाची गल्लीच आहे. लग्न ठरलं की चितेरा यायचा, चुन्याच्या भिंतीवर दाराशी गणपती, दोन्हीकडे हत्ती-घोडे, वर वधूवरांची नावं. पुढचं लग्न निघालं की चुना फिरवून नवं. आमच्या दाराशेजारी अशी किती लग्नं एकाखाली एक झाकली आहेत, कोण जाणे. आता फ्लेक्स लागतात, चितेरे थोडे उरले. चित्र पुसलं जाणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं, आणि तरी हत्तीच्या झुलीवरची नक्षी चुकवायची नाही. पोरीला नेमकं हेच म्युझियममध्ये न्यायचं होतं.

आक्काने एका म्हाताऱ्या चितेऱ्याला घरी बोलावून घेतलं. पोरीने त्याला सगळं समजावलं : भिंत बारा फुटांची, रंग तुमचे, मानधन इतकं, प्रदर्शन संपलं की भिंत पुन्हा पांढरी करणार. शेवटच्या अटीचं त्याला काहीच वाटलं नाही. त्याने चष्मा पुसला, खिशातून पेन्सिल काढली आणि विचारलं, "वो सब ठीक है, बिटिया. नाम किसके लिखूँ? शादी किसकी है?"

"शादी किसी की नहीं है, बाबा. प्रदर्शनी है."

"बिना शादी के हाथी कहाँ जाएँगे?"

पोरगी पहिल्यांदाच निरुत्तर झाली. आक्काने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "वही तो मैं दो साल से पूछ रही हूँ, भैया. बैठो, आराम से बैठो."